ओल्या धोतराची फेरी

पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या टिक्का रोगाला सहसा दाद न देणारे भुईमुगाचे वाण उकंडरावांनी मृगातच पेरले होते. शेजारचा सोमला वीटभट्टीवरून उशिरा परतला आणि त्याने घरचे जुने बी पुनर्वसूत टाकले. श्रावणात त्याचे पीक ठिपक्यांनी भरले. वेळ आणि वाण चुकल्याचे गावाला आकड्यांनिशी दाखवावे, म्हणून उकंडराव रोज सकाळी सोमलाच्या दवाने ओल्या पिकात शिरून ठिपके मोजत. मग त्याच ओल्या धोतराने स्वतःच्या वावरात फेरी मारून वहीत शून्य लिहीत.

"काका, माह्या वावरात दुखणं आहे अन् तुमी रोज भेटाले येऊन राह्यले," सोमला हसला. "येतांनी केळं तरी आना!"

"हास, बाप्पा! पुढल्या साली साऱ्या गावाले माह्यंच बी लागनार हाये."

सतराव्या दिवशी उकंडरावांच्या हातातली पेन्सिल थांबली.



त्यांच्या वावरातही ठिपके उमटले होते. सगळीकडे नव्हे, तर त्यांचे ओले धोतर रोज जिला घासत जाई, नेमक्या त्या एका ओळीत.