दहा वर्षांची मुदत

“आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे काय हो?” विमलबाईंनी माजघराच्या दाराआडून विचारलं.

हिरामण पेंटरने आलेली जांभई गिळली. सकाळपासून शब्दांचे अर्थ सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती. सिटिंग म्हणजे न हलता बसून राहणं, पोझ म्हणजे बसायची तऱ्हा, मॉडेल म्हणजे तुम्ही. तेवढ्यात चहाही गार झाला होता.

“म्हणजे वहिनी, हे केस फक्त आमच्या तेलाचे. दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीत दिसता कामा नयेत.”

मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली, तेव्हा हिरामणने बिऱ्हाड नेरळला हलवलं. पण तेलाच्या कंपनीला कसला बॉम्ब आणि कसलं काय! त्यांना कॅलेंडर हवंच होतं: पाठमोरी बाई आणि पाठभर केस. बायांचे केस न्याहाळत हा बाबा कर्जतभर हिंडला आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. शेवटी दहिवलीच्या घाटावर लाल आलवणातल्या एका म्हातारीनेच त्याला हटकलं. कळशी बुडवता बुडवता म्हणाली, आमच्या घरी या, सुनेचे गुडघ्यापर्यंत आहेत. ती या घरातली आत्याबाई, अप्पांची थोरली विधवा बहीण.

अप्पांनी उभा जन्म खालापूरच्या कचेरीत कारकुनी केलेली. एकदा सही झाली की ती ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, असं त्यांचं मत. हिरामणला त्यांनी आधी पायरीवरूनच हाकललं होतं. सोवळ्याओवळ्याच्या घरातली सून चित्रात बसवायची म्हणजे काय? पण आतल्या खोलीत त्यांचा एकुलता एक विठू क्षयाने खोकत पडला होता. पैसे जमले की त्याला मिरजेच्या इस्पितळात न्यायचं, तिथे तो खडखडीत बरा होणार, या एका आशेवर म्हातारा जगत होता. डॉक्टर आताशा नाडी पाहून मुकाट्याने निघून जात. पण ते अप्पांसमोर काढायची कुणाची छाती नव्हती. चेहरा दिसणार नाही, नाव छापणार नाही, असं ऐकल्यावर अप्पा नरमले.

हिरामणने पुढचं कलम वाचलं. मुदत संपेपर्यंत केस कापायचे नाहीत.

“मी कापायचे नाहीत, की कुणीच कापायचे नाहीत?”

“तुमचे केस दुसरं कोण कापणार?”

“विचारून ठेवलेलं बरं. कुणीच नाही, असं लिहा.”

हिरामणने लिहिलं. बाईमाणूस पहिल्यांदा करार करतंय, शंका येणारच. मग ती मुदतीवर आली. मुंबईच्या पोरी मुदत कमी करा म्हणून भांडत, आणि ही वर्षाची दहा वर्षं करा म्हणत होती. फायदा कंपनीचाच होता, पण हिरामणला राहवेना. त्याने सांगून पाहिलं की वहिनी, उगाच बांधून घ्याल आणि उद्या पस्तावाल.

तेव्हा ती पहिल्यांदाच दाराबाहेर आली. जागरणाने डोळे खोल गेले होते, उभं राहायचंही त्राण दिसत नव्हतं.

“असू दे. औषधपाणी काय वर्षभरात संपतंय?” ती म्हणाली. “आणि करार मोडला तर भरपाई कुणी द्यायची?”

“जामीन राहील त्याने.”

“म्हणजे मामंजींनी.”

“अगं, मोडतंय कोण?” अप्पा म्हणाले. “दहा वर्षांनी माझ्या विठूची पोरं हे कॅलेंडर बघतील.”

आत्याबाईंनी न सांगता दौत आणून पुढे ठेवली. अप्पांनी झोकात सही केली.

इतकी स्थिर बसणारी मॉडेल हिरामणने पाहिली नव्हती. फक्त आतून खोकल्याची उबळ आली की तिची पाठ ताठ व्हायची आणि ती उठून जायची. मग हिरामण ब्रश धुऊन वाट बघत बसायचा. तिने परत येऊन त्याच जागी तशीच पाठ करावी, याचं त्याला फार वाईट वाटायचं. पण चित्र सुरेख उतरलं.

दिवाळीच्या तोंडावर छापील कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन तो दहिवलीला निघाला. पुलावर पोपट न्हावी भेटला.

“तुमीच ना ते केसवाले?” पोपटने विचारलं. “अप्पांचा विठू गेला. कळलं नाय का?”

हिरामण कठड्याला टेकला.

“दहाव्याच्या दिशी मला बोलावलं व्हतं,” पोपट सांगू लागला. “परसात पाट मांडला, वस्तऱ्याला धार लावली, सूनबाई येऊन बसली बी. तवर आत्याबाईनी कसला तो कागद आनून अप्पांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, पुन्ना वाचला. मग म्हनले, पोपट, जा तू. सही माझी हाय.”

हिरामण गेला तेव्हा ओटीवर कुणीच नव्हतं. अप्पा आतल्या खोलीत, विठूच्या रिकाम्या खाटेजवळ बसले होते. त्यांनी हातानेच परसाकडे खूण केली.

परसात पायरीवर विमलबाई बसल्या होत्या. कपाळावर कुंकू नव्हतं. केस पाठीवरून खाली पायरीवर आले होते. मागे आत्याबाई हळूहळू त्यांचा गुंता सोडवत होत्या. आलवण डोक्यावरून कधीचं खांद्यावर घसरलं होतं आणि तुळतुळीत डोक्यावर ऊन पडलं होतं.

हिरामणने गुंडाळी उलगडून समोर धरली. आत्याबाईंनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

“छान काढलंत,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा फणी चालवू लागल्या. “माझे हिच्यापेक्षा लांब होते.”