मागची काच

सायबेरियात इंदिगिर्का नदीकाठी हिवाळ्यात गाडीचं इंजिन कोणी बंद करत नाही. एकदा थंड झालं की ते वसंतातच चालू होतं. आमची जुनी उआझ जीप दिवसरात्र अंगणात घरघरत असते.

गाडीत माणूस बसला की श्वासाने त्याच्या बाजूची काच आतून गोठते. रिकाम्या सीटची काच स्वच्छ राहते.

त्या दुपारी मी आणि माझी बायको तुयारा शेजारगावी पेट्रोल आणायला गेलो. ते मिळालं नाही. रिकामे डबे घेऊन परत निघालो.

"एल्लेई, मागची काच बघ," आरशात बघत तुयारा मला म्हणाली.

काच पांढरीफटक झाली होती.

"फट असेल दाराला. जुनं धूड आहे, दुसरं काय?"

"फट श्वास घेते होय रे?"

आमची लेक कुन्नेई वारल्यापासून मागे कोणी बसत नाही. तिला गोठलेल्या काचेवर फुंकून भोक पाडायचा नाद होता. त्यातून एका डोळ्याने बाहेर बघत बसायची. घर आलं तरी उतरायची नाही.

मागच्या काचेवरच्या बर्फात नाण्याएवढं भोक पडलं.

"हळू चालव," तुयारा म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

अंगणात इंजिन चालू ठेवून आम्ही उतरलो. तुयाराने मागचं दार उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि हळूच लावून घेतलं. आत कोणी नव्हतं.

घराच्या खिडकीतून बघत होतो तेव्हा इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं.

काचेवरचं भोक कडेकडेने बुजत आलं. मग पुन्हा उघडलं. पुन्हा बुजत आलं.