दोन मिलिमीटर

"अठरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

फिटरकाकांचा चेहरा पडला. कुत्र्याची गाठ लहान निघाली म्हणून तोंड पाडणारे त्या दवाखान्यातले ते काही पहिलेच नव्हते. प्रयोगाचा नियमच तसा होता. गाठ वीस मिलिमीटर भरली तरच नवं औषध. त्याहून लहान गाठ आणखी लहान झाली, तर ती झाली हे सिद्ध कसं करणार? संशोधनाला पुरावा लागतो आणि पुराव्याला ऐसपैस जागा.

कुत्र्याचं नाव साहेब. काकांनी कारखान्यात छत्तीस वर्षं साहेबांचं ऐकलं होतं. निवृत्तीनंतर एखाद्या साहेबाला 'बस' म्हणावं आणि त्याने मुकाट्याने बसावं, एवढी एकच हौस त्यांनी पुरवून घेतली. सुईने काढलेल्या नमुन्यात कर्करोग निघाला होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पण मानेतली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून बसली होती. कापायला जावं तर साहेबच जायचा. राहता राहिलं हे औषध, आणि घोडं अडलं होतं दोन मिलिमीटरवर.

"याचे कण इतके बारीक असतात काका, की केसाच्या जाडीत हजार मावतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थेट गाठीत शिरतात. बाकी अंगाला फारसा धक्का नाही."

"केसात हजार," काका पुटपुटले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी त्यांनी जन्मभर शिव्या खाल्ल्या होत्या आणि पुढे दिल्याही होत्या. इतक्या बारीक कामाबद्दल त्यांना आदरच वाटला. त्या आदरापोटी त्यांनी ट्रेमधल्या, गाठ मोजायच्या चकचकीत डिजिटल व्हर्निअरकडे हात नेला.

"हात नका लावू हं. निर्जंतुक केलंय."

काकांनी हात खिशात घातला. "मग आता?"

"आता वाट बघायची. दर सोमवारी मोजू."

घरी येऊन काकांनी कपाटातून आपलं जुनं व्हर्निअर काढलं आणि साहेबाच्या मानेला लावलं. वीस. पुन्हा लावलं. वीस.

"गाठ मोठी भरली म्हणून खूश होणारा माणूस," काकू म्हणाल्या. "लग्नाआधी कळलं असतं तर विचार केला असता." पण साहेबाच्या मानेखालून हात त्यांचाच फिरत होता.

सोमवारी काकांनी चाचरत विषय काढला. "घरी वीस भरली होती."

डॉक्टरबाई हसल्या. मनाने चांगल्या होत्या. "काका, मायेने मोजलं की दोन मिलिमीटर जास्तच भरतात." मग त्यांनी मोजलं. साडेअठरा.

काकांना पटलं. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, त्यात माया. शिवाय त्यांचं व्हर्निअर चाळीस वर्षांचं आणि बाईंचं आपण होऊन आकडा दाखवणारं. गाठ म्हणजे काही बेअरिंग नव्हे. ज्याचं काम त्याने करावं. त्यांनी आपल्या व्हर्निअरवर तेलाचा हात फिरवला आणि ते डबीत ठेवून दिलं, ते पुन्हा काढलं नाही.

शेजारी विचारायचे, "कसं आहे साहेबाचं?"

"वाढतेय हळूहळू," काका आशेने सांगायचे. शेजाऱ्यांना हसावं की सांत्वन करावं ते कळायचं नाही.

तिसऱ्या सोमवारी एकोणीस. चौथ्या सोमवारी पुन्हा एकोणीस. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पाचव्या सोमवारी साडेएकोणीस, तेव्हा दोन घास जास्त गेले. साहेबाची भूक मात्र उतरत चालली होती.

सहाव्या सोमवारी डॉक्टरबाईंनी दोनदा मोजलं. "वीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज फुलला. काकूंनी साहेबाच्या कपाळाचा मुका घेतला. काकांनी चार ठिकाणी सह्या केल्या.

"आता फक्त छातीचा एक्स-रे पुन्हा. रोग दुसरीकडे पसरलेला नसावा, एवढाच एक नियम राहिला."

अर्ध्या तासाने फोटो पडद्यावर आला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके होते. फार मोठे नव्हते. पण इथे लहान-मोठ्याची अट नव्हती.

साहेब टेबलावर बसून होता, कुणी न सांगता.

"नियम मी नाही केले, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छे, छे. तुम्ही काय करणार."

काकू पट्टा बांधायला लागल्या. त्यांना कडी सापडेना. काकांना नुसतं उभं राहवेना, आणि हातांना काही काम नव्हतं. त्यांनी ट्रेकडे बघितलं. "आता हात लावला तर चालेल ना?"

डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

काकांनी व्हर्निअर उचललं आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने, दुसरं काही करण्याआधी, त्याचे जबडे मिटले. खिडकीकडे धरून बघितलं. मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. मग त्यांनी आकडा बघितला. मिटलेल्या व्हर्निअरने शून्य दाखवायला हवं. हे उणे दोन दाखवत होतं.

त्यांनी ते तसंच डॉक्टरबाईंसमोर धरलं. बाईंची नजर आकड्यावरून साहेबाच्या मापांच्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीवर, अठरावर, गेली आणि तिथेच राहिली.

काकांनी बटण दाबून शून्य लावलं. रुमालाने पुसून व्हर्निअर होतं तसं ट्रेमध्ये ठेवलं.

"पुढच्या कुत्र्याचं माप बरोबर येईल," ते म्हणाले.