चपला सांभाळणारा

कामशेतच्या तेजलची अट एकच होती: बघायला येणाऱ्यानं आधी तिच्याबरोबर रोलर कोस्टरमध्ये बसायचं. लहानपणी तिला जत्रेतला पाळणा पुरायचा, कॉलेजात उलटं टांगणाऱ्या गाड्या आवडल्या, आता तर शेवटच्या डब्यातून खाली कोसळण्याशिवाय चैन पडेना. स्थळं एकाच माळेचे मणी. घरी पोहे खाताना ‘मलाही लय आवड’, घाट उतरून पार्कात पोचलं की तोंडं पांढरी. आजचा मुलगा आईला घेऊन आलेला. चपला काढून बसायची वेळ आली तसा म्हणाला, “तुम्ही बसा, मी चपला सांभाळतो.” तेजलचं डोकं फिरलं. “मग लग्नही चपलांशीच लाव.” त्याच्या आईनं आपल्याही चपला त्याच्या हातात कोंबल्या, पदर खोचला अन् तेजलशेजारी बसली. गाडी कोसळली, बाई खदखदून हसली. उतरल्यावर म्हणाली, “पोरी, ह्याला न्हाई म्हण. पर मला हितं आणत जा.”