परत येण्याचा मुद्दा

"चार," मास्तर म्हणाले. "दहापैकी. तेही अक्षर बरं आहे म्हणून."

लेकीनं कागद पुढ्यात ओढला. लाल पेन्सिलीनं त्याची पार चाळण झाली होती. मास्तरांनी चाळीस वर्षं निबंध तपासले होते. निवृत्तीनंतर हात शिवशिवायचे, आता घरातच गिऱ्हाईक सापडलं होतं.

सोमवारी तिची व्हिसाची मुलाखत होती. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मंजूर होती. घोडं अडलं होतं एका पत्रावर. शिक्षण संपल्यावर मी मायदेशी परत येणारच, हे अधिकाऱ्याला पटवून द्यायचं होतं. मागच्या खेपेला याच मुद्द्यावर नकार आला होता. पुन्हा आला तर प्रवेशही हातचा जाणार होता.

"'मला घराची ओढ आहे.' हा काय मुद्दा झाला? ओढ सगळ्यांनाच असते. पुरावा कुठाय?"

"दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो तर छान म्हणाला."

"तो फोनवर सगळंच छान म्हणतो."

चौथ्या खर्ड्याला पाच मिळाले, सहाव्याला साडेपाच. आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबा मुद्दाम तर नापास करत नाहीत ना, अशी लेकीला शंका यायला लागली. खरं म्हणजे मास्तरांनाही स्वतःबद्दल तीच शंका येत होती. लेक गेल्यावर हुज्जत कुणाशी घालायची, हा प्रश्न त्यांना पडायचा. तिनं जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं.

"बाबा, मला पाठवायचं नसेल तर सरळ सांगा."

मास्तर उठले. कपाटातून एक जुना कागद काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. सहीचा भाग मागे दुमडलेला होता.

"हे वाच. असं लिहायचं असतं."

ती वाचू लागली. 'मी घरी आल्याशिवाय वडील जेवायला बसत नाहीत. धाकट्या बहिणीला सायकल शिकवतोय, अजून सीटवरचा हात सोडलेला नाही. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. दोन वर्षांनी मी येणारच.'

बोट ठेवायला कुठंच जागा नव्हती.

"याला किती दिले होते?"

"दहापैकी दहा. तिथल्या साहेबानं दोन मिनिटांत शिक्का मारला."

"कुणाचं आहे हे?"

"तुझ्या दादाचं. सोळा वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "नाव तेवढं बदल."