अकरा महिन्यांचं धान्य

"जीनिव्हाच्या परिषदेला मेधा जाईल," संचालिका इंदुताईंनी जाहीर केलं. गोविंदरावांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

बरकतपुऱ्यातल्या त्या संस्थेत परदेशी मदत आल्यापासून एकच काम जोरात होतं: हवामान बिघडलं तर कोणता देश किती डळमळेल, याची यादी लावायची. मूळ सूत्र गोविंदरावांचं. पाऊस हुकला की बेगम बाजारात ज्वारी किती चढते आणि माणसं किती भडकतात, हे त्यांनी वीस वर्षं वह्यांत टिपलं होतं. पुण्याहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या मेधाने ते कॉम्प्युटरवर चढवलं आणि साठ देश दोन मिनिटांत मोजून दाखवले.

"काका, आकडे तुम्हीच तपासा हं," ती म्हणाली. "तुमची लाल खूण पडल्याशिवाय मला धीर नाही."

बेटावरच्या एका निवांत देशाकडे अकरा महिन्यांचं धान्य होतं. गोविंदरावांनी अकरातला एक आकडा खोडला. राहिला एक. मग शेजारी लाल खूण केली.

तो देश डळमळणाऱ्यांच्या यादीत पहिला आला. दिल्लीच्या बैठकीत मेधाने यादी मांडली आणि हशा पिकला. "अहो, तिथले पोलीससुद्धा छत्री घेऊन फिरतात!" ती मान खाली घालून परतली. जीनिव्हा बारगळलं. गोविंदरावांनी त्या संध्याकाळी चिक्कडपल्लीहून पाव किलो जिलबी नेली. घरी विचारलं तेव्हा म्हणाले, "सहज."

चार महिन्यांनी त्या बेटावर वादळ आलं. गोदामं बुडाली, धान्यासाठी दंगे झाले, सरकार पडलं.

संस्थेतला फोन थांबेना. "जीनिव्हाहून पत्र आलंय म्हणे," शेजारच्या टेबलावरचा उमाजी म्हणाला. "मेधाबाईंचं नशीब बघा! आता त्यांच्यापुढे आपण बोलायचं नक्को."

गोविंदरावांनी दोन दिवस डबा तसाच घरी नेला. महिनाभरात ते निवृत्त होणार होते, गमवायचं काय? तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून काढलं: बेटाचा आकडा मी मुद्दाम बदलला, ही यादी खोटी आहे. एक प्रत जीनिव्हाला धाडली, दुसरी इंदुताईंपुढे ठेवली.

इंदुताईंनी ती दोनदा वाचली. "हे पाठवलंत तुम्ही?"

"सकाळीच. रजिस्टर्ड. आता जाऊ दे तिला, कशी जाते ते बघू."

"कोणाला?" इंदुताईंचा आवाज अगदी बारीक झाला. "दिल्लीत सगळे हसत होते, तेव्हा ती पोर एकच म्हणत राहिली, आकडा गोविंदकाकांचा आहे, तो चुकत नाही. पत्र आलं तेव्हाही तिनेच हट्ट धरला, की तुमच्या निरोप समारंभापर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

त्यांनी खणातून जीनिव्हाचं निमंत्रण काढून गोविंदरावांकडे सरकवलं. त्यावर एकच नाव होतं: गोविंद रामराव हुमनाबादकर.