बाई वर्गात आल्यावर

२०१९ साली नगरपालिकेच्या शाळेत सांख्यिकी शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून अकरावीतली तनुजा तो विषय ऑनलाइन शिकली. शेवटची परीक्षा कॅमेऱ्यासमोर चालू असताना मुख्याध्यापिका सोनटक्केबाई कौतुकानं वर्गात आल्या. त्यांना पाहताच तनुजा सवयीनं उभी राहिली, चेहरा कॅमेऱ्याबाहेर गेला आणि नियमाप्रमाणे परीक्षा रद्द झाली.

“बाई, वर्षभराची मेहनत गेली.”

“उठायला कुणी सांगितलं होतं गं?”

“तुम्हीच. पाचवीपासून.”

बाईंनी परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहिलं: ‘चूक मुलीची नाही, माझ्या शिस्तीची आहे.’ पुन्हा परीक्षा झाली तेव्हा बाई घरीच थांबल्या आणि तनुजा पास झाली.

आता ती विमा कंपनीत आहे. बाई निवृत्त होऊन मोबाइलवर कन्नड शिकतात, दोनदा नापास झाल्यात. तनुजा दर रविवारी फोन करून त्यांचा अभ्यास घेते.